एअर घेतली असंल!

शेतात ट्रॅक्टर बंद पडला, की पाचच मिनिटांत बांधावर एक माणूस उगवतो. तो कोण असेल ते सांगता येत नाही, पण तो काय म्हणेल ते आमच्या कृष्णाकाठच्या कुठल्याही गावात आधीच ठरलेले असते. मोटारसायकल स्टँडला लावायची, खांद्यावरचा टॉवेल झटकायचा, बॉनेटखाली एकवार डोकवायचे आणि म्हणायचे, "एअर घेतली असंल." मागचे चाक निखळून ओढ्यात गेले असले तरी तो हेच म्हणणार.

त्याला हसण्यात अर्थ नाही, कारण निम्म्या वेळा तो बरोबर निघतो. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापते, आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडायचा. तो आपणहून पेट घेतो. फवारा सोडणारा पंप डिझेल ढकलण्यात पटाईत, पण नळीत हवेचा बुडबुडा शिरला की त्याचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो. नोजलपर्यंत थेंब पोचत नाही. टाकी कोरडी पडली, एखादा वायसर चिरला, नळीला केसाएवढी चीर गेली, तरी एवढे पुरते.

मग एअर काढायचा कार्यक्रम. एकाने फिल्टरवरचा छोटा बोल्ट सैल करायचा, दुसऱ्याने फीड पंपाची दांडी दाबत राहायची. आधी नुसता फेस येतो, मग फुर्र फुर्र बुडबुडे, आणि फेस संपून सलग धार लागली की "आवळ, आवळ!" असा चारी बाजूंनी ओरडा होतो. मग मोठ्या पंपाशी तेच. मग नोजलच्या नळ्यांचे नट थोडे ढिले करायचे आणि सीटवरच्या माणसाने सेल्फ मारायचा. पहिल्या नळीतून पिचकारी उडते, दुसरीतून उडते, ढिले नट भराभर आवळले जातात, आणि इंजिन दोनदा खोकून काळा धूर सोडते. धडधड सुरू झाली, की बांधावरचे गृहस्थ टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकतात. "म्हनलं न्हवतं?" त्यांनी एक पानासुद्धा उचललेला नसतो, तरी चहाचा पहिला कप त्यांनाच जातो.

आमचा ट्रॅक्टर पस्तीस हॉर्सपॉवरचा, तीन सिलिंडरचा, वडिलांनी घेतलेला. कंपनीचे नाव सांगत नाही. रंगावरूनही कोणाला ओळखता यायचे नाही, कारण बॉनेट मधे एकदा बदलले आणि मडगार्डांना वेल्डिंगवाल्याने त्याच्याकडे उरलेला रंग दिला. शेती पाच एकर. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेतकऱ्याची सरासरी जमीन १.०८ हेक्टर, म्हणजे पावणेतीन एकरांच्याही आत भरली होती. त्या मापाने आम्ही बडे बागायतदार. ट्रॅक्टरच्या मापाने मात्र आम्ही त्याला फुकट बसवून ठेवलेले लोक आहोत. दोन फाळांच्या नांगराने एकराला अडीच-तीन तास लागतात, रोटाव्हेटरला तास-सव्वातास. त्यात पेरणी, शेणखताच्या खेपा, एखाद्या लग्नाला मांडवाचे सामान आणणे असे सगळे धरले तरी वर्षाकाठी शंभर तास भरले तर खूप. बाकीचे वर्ष तो शेडमध्ये उभा असतो.

आणि बिघडतो तो तिथेच. आमचे मिस्त्री म्हणतात, "मशीन कामानं मरत न्हाई, बसून मरतंय." हे म्हणताना ते माझ्याकडे का बघतात, ते मी विचारलेले नाही. उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी उतरते. टाकी अर्धी रिकामी असेल तर रात्रीच्या गारव्याने आतून दव धरते आणि ते पाणी डिझेलच्या तळाला जाऊन बसते. पावसाळी हवेत क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. मग पाय दाबला तरी गिअर करकरतात. रबरी होज वापराविनाच तडकतात. उंदरांना वायरींचे वेष्टण आवडते आणि पिलांना जागा म्हणून एअर क्लीनर.

ऑईलचा वाद तर आमच्याकडे कायमचा आहे. पुस्तिकेत दर २५० तासांनी इंजिन ऑईल बदला असे छापलेले आहे. त्या हिशेबाने आमचे ऑईल अडीच वर्षे निघाले पाहिजे, असे शेजारचे अण्णा म्हणतात. मिस्त्री म्हणतात वर्षाला बदलाच, तास गेले खड्ड्यात. अण्णा म्हणतात, "आरं, न चालता त्याल कसं खराब हुईल?" मिस्त्री म्हणतात, "न चालता मानूस हुतोय का न्हाई?" या वादाचा निकाल तासांच्या मीटरवर लावता आला असता, पण मीटरचा काटा वडील होते तेव्हापासून एकाच आकड्यावर उभा आहे. त्याच्या मते आम्ही इतक्या वर्षांत अजून काहीच काम केलेले नाही.

लोक म्हणतात, ट्रॅक्टर नेमका गरजेच्या दिवशी दगा देतो. दुसऱ्या कुठल्या दिवशी देणार? एरवी त्याला कोणी काही विचारतच नाही. मृगाचा पाऊस होऊन गेला, की आमची काळी जमीन थोड्या दिवसांत एका नेमक्या ओलीवर येते. त्या वापशात काम झाले तर झाले. आधी शिरलात तर चाके रुततात आणि माती तुडवून तिची वीट होते. उशीर केलात तर ढेकळे अशी निघतात की रोटाव्हेटरसुद्धा वरवर उड्या मारत जातो. हा मुहूर्त सगळ्या शिवाराला एकाच वेळी लागतो. म्हणजे सगळे ट्रॅक्टर एकाच वेळी शेडबाहेर निघतात, एकाच वेळी बंद पडतात, आणि पंचक्रोशीत मिस्त्री एकच. त्या दिवसांत त्यांचा फोन उचलला गेला तर समजावे, आपल्याला त्यांनी आधीच यादीत खाली टाकले आहे. न उचलला तर निदान ते वाटेत असण्याची आशा असते.

अशाच एका वापशात आमच्या ट्रॅक्टरला एक विचित्र दुखणे जडले. अर्धा तास झकास चालायचा, मग आवाज बसायचा, इंजिन दम लागल्यागत करायचे आणि थांबायचे. बांधावर माणूस उगवला. "एअर घेतली असंल." एअर काढली, सुरू झाला. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. दुसरे एक जाणते आले, म्हणाले फिल्टर चोंदलाय. फिल्टर बदलला, सुरू झाला, अर्धा तास चालला, थांबला. अण्णांचे मत पडले की डिझेलमध्येच भेसळ आहे. सगळे डिझेल कॅनमध्ये काढले, दुसरीकडून आणून टाकले. या वेळी तर जवळजवळ तासभर चालला, तेव्हा अण्णांनी आजूबाजूच्या दोघातिघांना त्या भेसळीची रीतही समजावून सांगितली. मग थांबला. पुतण्याने मोबाईलवर एक व्हिडिओ शोधला; त्यातला पंजाबी माणूस फीड पंप खोलायला सांगत होता. फीड पंप खोलला, जाळी धुतली, बसवला. सुरू झाला.

या सगळ्यातली खरी पंचाईत लक्षात घ्या. प्रत्येकाचा उपाय लागू पडला होता. एकही माणूस खोटा ठरलेला नव्हता. प्रत्येकाकडे पुरावा म्हणून चालू झालेले इंजिन होते, आणि ते पुन्हा बंद पडले त्याचा दोष दुसऱ्याच्या दुरुस्तीत होता. संध्याकाळपर्यंत बांधावर दोन पक्ष पडले.

दिवे लागायच्या सुमाराला मिस्त्री आले. त्यांनी काही खोलले नाही. हकिगत सांगू लागलो तर ऐकून घेतली, पण तोंडावरून ती कानात शिरली असे वाटले नाही. "चालवा," म्हणाले आणि स्वतः मडगार्डवर बसले. दोन फेऱ्या झाल्या, तिसऱ्या फेरीला आवाज बसला, इंजिन थांबले. सगळे फिल्टरकडे धावले. मिस्त्रींनी बसल्या जागेवरून हात लांबवून डिझेल टाकीचे टोपण फिरवले. सूंऽऽ असा आवाज झाला. बाहेरची हवा आत शिरल्याचा. "मारा सेल्फ." थोडा फिरवावा लागला, पण लागला.

टाकीतले डिझेल कमी होत जाते, तशी त्या जागेवर हवा आत यावी म्हणून टोपणाला एक बारीक भोक असते. ट्रॅक्टर उन्हाळाभर शेडमध्ये असताना एका कुंभारीण माशीने ते भोक पाहून ठेवले आणि मातीने लिंपून टाकले. आत हवा येईना, टाकीत पोकळी धरू लागली, आणि अर्ध्या तासात डिझेल खाली उतरायचे थांबू लागले. मग ट्रॅक्टर बंद पडला की आम्ही सगळ्यात आधी काय करत होतो? टोपण काढून, काडी घालून, डिझेल आहे का ते बघत होतो! दुखणे तिथेच बरे होत होते. त्यानंतर जो ज्याला हात लावेल, त्याला यश.

मिस्त्रींनी बाभळीचा काटा मोडून घेतला आणि भोक मोकळे केले. बांधावरचे पहिले गृहस्थ तोवर गेलेले नव्हते. ते म्हणाले, "म्हंजी एअरचाच प्रॉब्लेम व्हता की!"

यावर कोणाला काही बोलता आले नाही. अजून येत नाही.

"काय द्यायचं?" मी विचारले. "असू द्या," मिस्त्री म्हणाले. ही सगळ्यात महागडी मजुरी. दिवसभर राबून गिअरबॉक्स खोलतात तेव्हा ते सिगारेटच्या पाकिटावर आकडा मांडून देतात आणि आपण त्यात घासाघीस करून मोकळे होतो. बाभळीच्या काट्याचा दर कसा ठरवायचा? त्यापायी त्यांच्या घरी आधी मक्याची कणसे गेली, मग गुऱ्हाळ लागल्यावर गुळाची ढेप, आणि अजूनही वाटेत भेटले की आपणच थोडे वाकून बोलतो.

खरे बिघाड मात्र तालुक्याच्या गावी स्पेअर पार्टच्या दुकानात पोचल्यावरच समजतात. तिथे जाताना जुना पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचा असतो. तो न नेणाऱ्याला दुकानदार माणसांत धरत नाही. तुम्ही पार्टचे नाव सांगा, हाताने आकार दाखवा, मोबाईलमध्ये फोटो दाखवा, तो शांतपणे विचारतो, "जुना पीस आणलाय का?" आणला असेल तर पुढचा प्रश्न, "कंपनीचा देऊ, का चांगला लोकल, का लोकल?" या तिन्हींत फरक काय, ते विचारले तर किमतीचा फरक सांगतो. आमच्या ट्रॅक्टरचे निम्मे बोल्ट सुतात आहेत आणि मधल्या काळात बसलेले निम्मे मिलिमीटरमध्ये, त्यामुळे चार सुती बोल्टाला तेराचा पाना जवळजवळ बसतो. या 'जवळजवळ'ने आजवर किती बोल्टांची डोकी गोल केली असतील, त्याची गणती नाही. पार्ट दुकानात नसला तर कोल्हापूरहून येतो. फोन होतो, पार्सल संध्याकाळच्या एसटीत चढते, आणि आपण स्टँडवर उभे राहून पाहुण्याची वाट बघावी तसे ऑईल सीलची वाट बघतो. पंप आणि नोजल ही माणसे मात्र वेगळी. त्यांना गावात कोणी हात लावत नाही, मिस्त्रीसुद्धा नाही. ती कॅलिब्रेशनच्या काचबंद खोलीत जातात, तिथे चपला बाहेर काढून आत जावे लागते.

मधल्या वेळेला आमच्याकडे घरगुती औषधेही आहेत. डिझेल टाकी पाझरू लागली तर अंगाचा साबण चोळायचा. साबण डिझेलला दाद देत नाही. रेडिएटर थोडा गळत असेल तर पाण्यात हळद टाकायची. हळद आमच्या सांगलीचीच, त्यामुळे त्यात थोडा अभिमानही मिसळतो. एकदा रेडिएटर तापून उकळला तेव्हा सगळ्या शेतात वरणाचा वास सुटला होता.

आईला हे सगळे पसंत नाही. बैल कधी असे मधेच थांबले नव्हते, असे तिचे म्हणणे. थांबत होते. आमचा एक बैल सरीच्या मध्यावर बसायचा आणि शेपटी पिरगाळली तरी उठायचा नाही, हे मी स्वतः पाहिलेले आहे. पण बेंदराला पुरणपोळी खाऊन गेलेल्या जनावराबद्दल माणूस वाईट आठवत नाही. ट्रॅक्टरला वर्षातून एकदा दसऱ्याला झेंडूची माळ आणि चाकाखाली लिंबू मिळते, एवढ्या भांडवलावर त्याने पुण्य किती साठवावे? शिवाय अवजाराविषयी नाराजी ही आपल्याकडची जुनी गोष्ट. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष होते म्हणून शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. पहिला नांगर खपायला दोन वर्षे गेली. पुढे १९१० मध्ये त्यांनी आमच्याच जिल्ह्यात माळावर किर्लोस्करवाडी उभी केली आणि त्याच नांगराने सगळा महाराष्ट्र उलथून काढला. आईला मी हे सांगितले. ती म्हणाली, "त्या नांगरात डिझेल घालावं लागत होतं का?"

ट्रॅक्टरच्या मागे अवजार जोडायची जी तीन टोकांची जोडणी असते, ती आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनची. खाली दोन हात, वर एक टॉप लिंक. नांगराचा ओढा वाढला की त्याचा भार मागच्या चाकांवर येतो आणि हलका ट्रॅक्टरही घसरत नाही. मोठी युक्ती आहे. याच फर्ग्युसनचे ट्रॅक्टर घेऊन एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचला. चाकांवर पट्टे चढवले होते, पण ट्रॅक्टर शेतकऱ्याचेच. हे वाचल्यापासून मला आमच्या टॉप लिंकच्या पिनेचा फार राग येतो. ती पीन ओढा ओलांडेपर्यंत टिकत नाही. आणि तिच्या जागी सध्या घराच्या बांधकामातून उरलेल्या सळईचा तुकडा आहे. हिलरीकडे जास्तीच्या पिना किती होत्या, ते कोणत्याही पुस्तकात मला सापडलेले नाही.

वरच्या आळीत एकांनी गेल्या साली पन्नासच्या वरचा नवा ट्रॅक्टर घेतला. १ जानेवारी २०२३ पासून त्या ताकदीच्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे नियम लागू झाले आहेत. त्यामुळे आत डिझेल किती सोडायचे ते पंप आपल्या मर्जीने ठरवत नाही, संगणक ठरवतो. तो ट्रॅक्टर एके दिवशी नांगरता नांगरता हळू झाला आणि समोर एक पिवळा दिवा लागला. बांधावरचे गृहस्थ सवयीने पोचले. दिव्याकडे बराच वेळ पाहिले. टॉवेल झटकला, पण तोंडातून शब्द फुटला नाही. मिस्त्री आले, त्यांनी हात पाठीमागे बांधून ट्रॅक्टरभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "लॅपटॉपवाल्याला बोलवा." लॅपटॉपवाला दुसऱ्या दिवशी आला, वायर जोडली, कोड वाचला, एक सेन्सर बदलला आणि चहा न घेता गेला. काम चोख झाले, यात शंका नाही. दुरुस्तीचा हक्क गिऱ्हाइकाचा असावा म्हणून केंद्र सरकारने २०२२ मध्ये एक समिती नेमली, तिच्या विषयांत शेतीची अवजारेही आहेत, असे मी मिस्त्रींना सांगितले. त्यांनी विचार केला. "हक्क द्या, पर त्याचा पाना कितीचा लागतोय ते बी सांगा."

सध्या आमचा ट्रॅक्टर दोन तुकड्यांत आहे. क्लच प्लेट गेली. ट्रॅक्टरला मोटारीसारखी चासी नसते. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टाने जोडलेले, तोच त्याचा कणा. म्हणून एवढीशी प्लेट बदलायला सगळा ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो. पुढचा आस खिळ्यावर हलता असल्याने आधी त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्या, मागच्या धडाखाली जॅक आणि लाकडाचे ओंडके लावले, बोल्ट काढले, आणि तिघांनी मिळून पुढचा भाग हळूहळू ढकलत नेला. मधल्या फटीतून पलीकडचा लिंबाचा बुंधा दिसायला लागला तेव्हा आई ओट्यावरून उठून आत गेली.

त्याच दिवशी जुने ट्रॅक्टर बदलून देणाऱ्या एका शोरूमचा माणूस आला. पुतण्याने त्याला परस्पर बोलावले होते. त्याने आधी पुढच्या तुकड्याला, मग मागच्या तुकड्याला चक्कर मारली. कागदपत्रे बघितली. टायर नखाने दाबून बघितले आणि एक आकडा सांगितला. आकडा साधारण टायरांचाच होता. पुतण्या मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, देऊन टाकूया. नवीन आला की कटकट मिटंल."

मी मिस्त्रींकडे बघितले. ते प्लेटच्या खोक्यावरची चिकटपट्टी काढत होते.

"प्लेट आणल्याली हाय," ते म्हणाले, "आन् दुकानदार माल परत घेत न्हाई."

पुतण्याने खिशातून पावती काढून बघितली. खाली शिक्का होता खरा.